सूचना कोणाला, केव्हापासून आणि किती वेळा?

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा गावाच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्या उभारणीला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारे २६०० कोटी रुपयांचा आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसरकिरण आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी लहान असा लांबीतला फरक ओळखण्याची क्षमता, यांविषयी बरेच लिहून आले आहे. आपण येथे या कामाच्या एका निराळ्या अंगाकडे पाहू. अशा वेधशाळेला काही ‘ऐकू’ आले की ती इतरांना कसे कळवते? आणि कळवण्याचे नियम नीट आखलेले नसले तर काय बिघडते?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण १७ ऑगस्ट २०१७ ची घटना पहा. भारतीय वेळेनुसार त्या दिवशी सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या लहरी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांत नोंदल्या गेल्या. त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा एक छोटा झोत दिसला. लायगोची पहिली सूचना सुमारे ४० मिनिटांनी खगोलशास्त्रज्ञांकडे गेली. इटलीतील व्हर्गो वेधशाळेची माहिती जोडून तयार केलेला आकाशाचा नकाशा रात्री साडेअकराच्या सुमारास पाठवला गेला. केवळ लायगोच्या आधारे सुमारे १९० चौरस अंशांचा प्रदेश धुंडाळावा लागला असता. नव्या नकाशात तो सुमारे ३१ चौरस अंशांवर आला. चिलीत अंधार पडल्यावर, म्हणजे मीलनानंतर सुमारे ११ तासांनी, तेथील स्वोप दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत एक नवा प्रकाशबिंदू सापडला. त्याचा निळा प्रकाश दोन-तीन दिवसांतच मावळत गेला. ज्यांच्यापर्यंत सूचना वेळेवर पोचली त्यांनाच तो पाहता आला. अशी घटना पुन्हा घडवून आणता येत नाही.

आज अशा सूचना माणसे वाचण्याआधी संगणक वाचतात. दुर्बिणीजवळच्या संगणकातील आज्ञावली सूचना येण्याची वाट पाहत असते आणि ती येताच दुर्बीण वळवण्याची तयारी सुरू करते. अशा वाट पाहणाऱ्या आज्ञावलीला संगणकाच्या भाषेत ‘लिसनर’ म्हणतात. आपण तिला ‘श्रोता’ म्हणू. श्रोत्याने आधी आपले नाव नोंदवायचे आणि घटना घडली की प्रेषकाने यादीतील प्रत्येकाला हाक द्यायची, अशी ही साधी व्यवस्था आहे. आपल्या मोबाइलच्या पडद्यावरील प्रत्येक बटणामागेही हीच व्यवस्था असते. बोट टेकले की बटण आपल्या नोंदलेल्या श्रोत्यांना हाक देते.

शाळेची सूचनावही

या व्यवस्थेचा उत्तम नमुना प्रत्येक शाळेत असतो. मुख्याध्यापक सूचनावहीत सूचना लिहितात आणि शिपाई ती वही वर्गावर्गांतून फिरवतो. प्रत्येक शिक्षक वाचून सही करतो. शिपायाजवळची शिक्षकांची यादी म्हणजे श्रोत्यांची नोंदणी. रोजच्या कामात ही पद्धत बिनबोभाट चालते. खरी परीक्षा होते ती पुढील पाच प्रसंगांत.

पहिला प्रसंग : नवीन शिक्षिका दुपारी रुजू झाल्या. सकाळची सूचना त्यांना दाखवायची का? याचे उत्तर सूचनेच्या प्रकारावर अवलंबून असते. तास संपल्याची घंटा ही ‘घटना’ आहे. ती वाजून गेल्यावर उशिरा आलेल्यासाठी पुन्हा वाजवण्यात अर्थ नाही. ‘उद्या शाळा सकाळची आहे’ हे फळ्यावरचे वाक्य ही ‘स्थिती’ आहे. उशिरा आलेल्यालाही ते कळलेच पाहिजे. वसमतच्या बाजारात हळदीचा लिलाव सुरू झाल्याची हाळी ही घटना, तर हळदीचा आजचा भाव ही स्थिती. घटनेच्या श्रोत्याला नोंदणीनंतरचेच कळवावे; स्थितीच्या श्रोत्याला नोंदणी करताच सध्याची स्थिती सांगावी आणि मग पुढचे बदल कळवत राहावे.

दुसरा प्रसंग : एकाच शिक्षकाचे नाव यादीत दोनदा लिहिले गेले. शिपायाने त्यांच्याकडे दोनदा जायचे का? गंमत अशी की प्रचलित संगणक-प्रणालींची यावर दोन उत्तरे आहेत. ब्राउझरमध्ये एकच श्रोता त्याच घटनेसाठी तशाच रीतीने पुन्हा नोंदवला तर दुसरी नोंद गाळली जाते. नोड जेएसमध्ये मात्र दोन्ही नोंदी राहतात आणि श्रोत्याला दोनदा हाक जाते. नाव काढतानाही एका वेळी एकच नोंद निघते. भाषा दोन्हीकडे जावास्क्रिप्टच, पण नियम वेगळे.

तिसरा प्रसंग : वही निम्म्या वर्गांत फिरली असताना एका शिक्षकाने ‘माझे नाव काढा’ असे कळवले. आता त्यांच्याकडे वही न्यायची का? शिपाई निघताना यादीची नक्कल घेऊन निघत असेल तर तो त्यांच्याकडे जाणारच. दर वर्गाबाहेर मूळ यादी पाहत असेल तर जाणार नाही. नोड जेएस पहिल्या रीतीने वागते, म्हणजे वाटप सुरू झाल्यावर काढलेल्या श्रोत्यालाही त्या वेळची हाक मिळते. ब्राउझरमध्ये वाटप चालू असताना काढलेल्या श्रोत्याला हाक जात नाही. त्याच वेळी नव्याने नोंदवलेल्या श्रोत्याला मात्र दोन्हीकडे पुढच्या घटनेपर्यंत थांबावे लागते.

चौथा प्रसंग : एका वर्गात गोंधळ झाला आणि वही तेथेच अडकली. पुढच्या वर्गांचे काय? ब्राउझर त्या श्रोत्याच्या चुकीची नोंद करतो आणि पुढच्यांना हाक देत राहतो. नोड जेएसमध्ये एका श्रोत्यात उद्भवलेली चूक तशीच वर जाते आणि उरलेल्यांना हाक मिळतच नाही.

पाचवा प्रसंग : शिक्षकाची बदली झाली, पण नाव यादीत राहिले. शिपाई रोज त्यांना शोधत बसतो. संगणकात अशी मेलेली नावे साठत गेली की स्मृती भरत जाते आणि काम मंदावते. म्हणूनच एका घटनेसाठी १० हून अधिक श्रोते झाले तर नोड जेएस धोक्याची सूचना देते.

एकच नियम, आणि तो लिहिलेला

या पाच प्रश्नांची एकमेव बरोबर उत्तरे नाहीत. ब्राउझर आणि नोड जेएस ही दोन्ही कामाला येतात, कारण दोहोंचे नियम ठरलेले आणि लिहिलेले आहेत. खरा धोका असतो तो एकाच प्रणालीत दोन नियम असण्याचा. समजा, एका वाहिनीवर नाव नोंदवताच शेवटची सूचना मिळते आणि शेजारच्या वाहिनीवर मिळत नाही. पहिली वापरून सरावलेला कार्यकर्ता दुसरीवर नाव नोंदवून निश्चिंत बसेल. काही आले नाही याचा अर्थ काही घडले नाही असा तो घेईल. चुकीची सूचना निदान दिसते. न आलेली सूचना दिसतच नाही. म्हणून नोंदणीचे वर्तन सर्व वाहिन्यांवर सारखे असावे, आणि वेगळे ठेवणे भाग असेल तर वाहिनीच्या नावावरूनच ते कळावे.

शिपायाऐवजी रजिस्टर

खगोलशास्त्रातील सूचनांसाठी नासाचे जीसीएन हे जाळे वापरले जाते. १९९० च्या दशकात कॉम्प्टन उपग्रहाने टिपलेल्या गॅमा किरण-स्फोटांच्या जागा कळवण्यासाठी त्याची सुरुवात झाली. आज हे जाळे काफ्का नावाच्या संदेश-प्रणालीवर सूचना पुरवते. काफ्काची कल्पना कार्यालयातील आवक-जावक रजिस्टरसारखी आहे. प्रत्येक सूचना क्रमाने पुढच्या ओळीत लिहिली जाते आणि ठरावीक काळ तेथेच राहते. श्रोता आपण कोणत्या ओळीपर्यंत वाचले याची खूण ठेवतो. वीज गेली, जाळे तुटले, तरी परत आल्यावर तो खुणेपासून पुढे वाचू लागतो.

पण ज्याची खूणच नाही अशा नव्या श्रोत्याने कोठून वाचायला लागायचे? वेगळे काही सांगितले नाही, तर काफ्का त्याला रजिस्टरच्या शेवटी उभे करते. दर वेळी नवे नाव घेऊन येणारी आज्ञावली म्हणूनच मधल्या काळातील सूचनांना मुकते. कायमचे नाव घेऊन येणे आणि सुरुवातीची जागा स्पष्टपणे सांगणे, हे दोन उपाय पुरेसे असतात.

रजिस्टरमुळे एक नवी अडचणही येते. सूचना वाचून कामही झाले, पण खूण पुढे सरकवण्याआधीच संगणक बंद पडला, तर तीच सूचना पुन्हा वाचली जाईल. म्हणून श्रोत्याने असे वागावे की एकच सूचना दोनदा आली तरी परिणाम एकदाच व्हावा. गुरुत्वीय लहरींच्या प्रत्येक संभाव्य घटनेला याचसाठी स्वतःचे नाव असते. त्याच नावाने आधी प्राथमिक सूचना येते, नंतर सुधारित येते आणि कधी कधी सूचना मागे घेतल्याचेही कळवले जाते. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या निरीक्षण-सत्रात मागे घेतलेल्या सूचनांची संख्या वीसहून अधिक होती. पहिली सूचना ऐकून नाव काढून टाकणाऱ्या श्रोत्याला ती मागे घेतल्याचे कळणार नाही आणि दुर्बिणीची मोलाची रात्र वाया जाईल. उलट, उशिरा नोंदलेल्या श्रोत्याला मूळ सूचना न मिळताच ती मागे घेतल्याचा निरोप मिळू शकतो. त्याने गोंधळून बंद पडू नये, एवढी तयारी त्यातही हवी.

वर्गात करून पहा

एका विद्यार्थ्याला शिपाई करा, सहा जणांना श्रोते करा. क्रमांक घातलेल्या दहा चिठ्ठ्या तयार ठेवा. शिपायाने प्रत्येक चिठ्ठी यादीतील सर्वांना क्रमाने वाचून दाखवायची. ज्याने त्याने मिळालेला क्रमांक वहीत लिहायचा. तिसऱ्या चिठ्ठीनंतर एकाचे नाव वाढवा, पाचवीचे वाचन चालू असताना एकाचे काढा, एकाचे दोनदा लिहा आणि सातव्या चिठ्ठीला एकाला वर्गाबाहेर पाठवा. शेवटी सर्वांच्या वह्या शेजारी ठेवून पहा. कोणाचे काय चुकले, काय दुप्पट झाले, आणि त्यासाठी आधी कोणता नियम ठरवायला हवा होता, याची चर्चा विद्यार्थी आपणहून करतील. दुसऱ्या फेरीत शिपाई नको. चिठ्ठ्या क्रमाने भिंतीवर लावा आणि प्रत्येकाने आपापल्या खुणेपासून वाचावे. लक्षात ठेवण्याचा भार आता कोणाकडून कोणाकडे गेला, हेही विचारावे.

लहरी कोठून आल्या हे ठरवताना वेगवेगळ्या वेधशाळांत त्या पोचण्याच्या वेळांमधला फरक उपयोगी पडतो. हिंगोलीची वेधशाळा अमेरिकेतील वेधशाळांपासून फार दूर असल्यामुळे तिच्या भरीने आकाशातील जागा अधिक नेमकी सांगता येईल. ती नेमकी जागा दुर्बिणीपर्यंत वेळेत पोचावी यासाठी लागणारे नियम मात्र लेसर किंवा आरशांइतके अवघड नाहीत. सूचनावही फिरवणाऱ्या शाळेतील मुलांना ते आजच समजू शकतात.