राउंड रॉबिन बेट: तीनशे रुपयांचा हिशोब एकदा दुकानदारासारखा मांडून बघा

आयपीएल आली की नांदेड-लातूरकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, राउंड रॉबिन लावलं तर जोखीम वाटली जाते म्हणे, खरं आहे का?" विचारणारे बहुतेक धंद्यासाठी भांडवल जमवणारे असतात. म्हणून उपदेश बाजूला ठेवू आणि वही-पेन घेऊन बसू.

राउंड रॉबिन म्हणजे मुळात साखळी सामने, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. सट्ट्यात त्याचा अर्थ थोडा वेगळा. तुम्ही तीन टीम निवडता, समजा अ, ब आणि क. मग त्यांच्या जोड्या लावता: अ-ब, ब-क, अ-क. जोडीतल्या दोन्ही टीम जिंकल्या तरच त्या जोडीचे पैसे मिळतात. सांगणारा म्हणतो, "एक टीम हरली तरी चालतं." आता हे कितपत चालतं ते बघू.

बरोबरीचा सामना धरा, दोन्हीकडे भाव नव्वद पैसे. म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर 190 हातात येतात. खरं तर निम्म्या शक्यतेला 200 यायला हवे होते. ते दहा रुपये बुकीचे. जोडीला 190 चे पुन्हा 1.9 पट होतात, म्हणजे 361. इथे न्याय्य रक्कम 400. कटिंग दोनदा लागलं, हे लक्षात आलं का?

प्रत्येक जोडीवर शंभर, असे तीनशे तुमच्या खिशातून गेले. तिन्ही टीम जिंकल्या तर 1,083 मिळतात, पण हे आठात एकदा. दोनच जिंकल्या तर एकच जोडी लागते: 361, म्हणजे नफा 61 रुपये. हे आठात तीनदा. आणि एकच जिंकली किंवा एकही नाही, तर तीनशेच्या तीनशे साफ. हे आठात चारदा, म्हणजे निम्म्या वेळा! सगळ्याची सरासरी काढली तर तीनशेचे 270 रुपये 75 पैसे परत येतात. पावणेदहा टक्के तूट. एकेका सामन्यावर सरळ लावले असते तर तूट पाच टक्केच होती.

किराणा दुकानात जोखीम वाटली जाते, कारण तूरडाळ नाही खपली तर पोहे खपतात, आणि न खपलेला माल फळीवर राहतो. शिवाय प्रत्येक वस्तूत मार्जिन असतं. इथे प्रत्येक वस्तूच तोट्यात विकायची आहे. तोट्याचा माल वजिराबादेत ठेवा, गंजगोलाईत ठेवा, दोन्हीकडे ठेवा, नफा कुठून येणार?

चार टीम घेतल्या तर प्रकार आणखी गमतीचा होतो. सहा जोड्या, चार तिकड्या आणि चौघांची एक, मिळून अकरा बेट. "शंभरच तर लावतोय" म्हणणाऱ्याचे अकराशे गेलेले असतात.

खरा खड्डा मात्र वसुलीत आहे. आज तीनशे गेले, उद्या सहाशे लावू, मग बाराशे... पाच दिवस सलग शून्य आलं तर 9,300 रुपये गेले. रोज लावणाऱ्याला दोन महिन्यांत अशी रांग एकदा तरी लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. एवढ्यात नाश्ता सेंटरची शेगडी-भांडी घ्यायला सुरुवात होते.

आपल्या लोकांना हे गणित नवीन नाही. मटका मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरच्या पैजांतून सुरू झाला. आकड्याला एकास नऊ देतात, आणि आकडे असतात दहा. कटिंग तेव्हाही होतं, फक्त ॲप नव्हतं.

आता दुसरा मुद्दा, उद्योजकांसाठी जास्त महत्त्वाचा. "खेळू नको, पॅनल घे, फ्रँचायझी आहे" असं सांगणारे भेटतात. महादेव ॲपच्या प्रकरणात ईडीने हेच मांडलं होतं: पॅनल वाटायचे, नफा 70-30. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने महादेवसह 22 ॲप-वेबसाइट बंद करायला लावल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तर संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला. त्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. म्हणजे स्टेटसला लिंक टाकून कमिशन खाणाराही त्यात येऊ शकतो. आणि महाराष्ट्राचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

काही जण याहून सोपं मागतात: "फक्त तुझं करंट अकाउंट आणि क्यूआर दे, महिन्याला भाडं देतो." हे अजिबात करू नका. त्या खात्यात फसवणुकीचा एक व्यवहार आला आणि कुणी 1930 वर तक्रार केली, की खातं गोठू शकतं. मग मोंढ्यातल्या व्यापाऱ्याचं पेमेंट अडकतं, पोरांचा पगार अडकतो. उद्या मुद्रा किंवा सीएमईजीपीसाठी बँकेत गेलात, तर साहेब आधी तेच स्टेटमेंट उघडतात.

आधीच खातं दिलं असेल तर आजच बँकेत लेखी अर्ज द्या, क्यूआर बंद करून घ्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि ज्याने खातं मागितलं त्याचे मेसेज डिलीट करू नका.