लॅटिन जिभेवर बसवणारे पुस्तक

केंब्रिजच्या जॉन लेगट या मुद्रकाने 1598 साली छापलेले रिचर्ड बर्नार्डचे ‘टेरेन्स इन इंग्लिश’ वरवर पाहता विद्यार्थ्यांचे गाइड वाटते. रोमन नाटककार टेरेन्सच्या सहाही सुखात्मिका त्यात आहेत. प्रवेशाचा मूळ लॅटिन पाठ, इंग्रजी गद्य भाषांतर, आणि त्या प्रवेशातून वेचलेले वाक्प्रचार व सुविचार. नुसता अर्थच सांगायचा असता तर भाषांतरावर भागले असते. वाक्प्रचार वेगळे काढून दिले ते मुलांच्या तोंडी बसावेत म्हणून. इंग्लंडच्या ग्रामर स्कूलमध्ये तेव्हा मुलांनी लॅटिन बोलणे अपेक्षित होते, आणि सिसेरोची भाषणे घोकून कुणाला हाक मारता येत नाही की कुणाशी भांडता येत नाही. बोलण्याची भाषा शिकायला इरॅस्मसने टेरेन्सला पहिला मान दिला तो यासाठीच. ‘आंद्रिया’ उघडताच म्हातारा सिमो नोकरांना सामानासकट आत पिटाळतो आणि सोसियाला थांबवतो. त्यासाठी शब्द एकच: ‘अदेस्दुम’. यातला ‘अदेस’ हा आज्ञार्थ व्याकरणाने सुटतो. शेवटचा ‘दुम’ मात्र आपल्या ‘जरा’च्या जातीचा. ‘इकडे ये’ आणि ‘जरा इकडे ये’ यांत केवढे अंतर आहे! सोसिया हा सिमोने मुक्त केलेला दास आहे, हे त्या एवढ्याशा शब्दात ऐकू येते. रूपे पाठ करून ही खुबी सापडत नाही. शेजारी रोजच्या भाषेतले बोलणे असले की ती चटकन कानात भरते. बर्नार्डने आपले इंग्रजी घरगुती वळणाचे, म्हणींनी भरलेले ठेवले ते म्हणूनच.

आयते भाषांतर हाती दिले की मुले आळशी होतात, हा आक्षेप जुना आहे आणि खोटाही नाही. इंग्रजीच वाचून पुस्तक मिटणाऱ्याला ते पुस्तक अडवू शकत नाही. पण रॉजर अॅस्कमच्या 1570 साली छापलेल्या ‘द स्कूलमास्टर’मधली रीत आठवावी: उतारा लॅटिनमधून इंग्रजीत करायचा, काही वेळाने त्याच इंग्रजीवरून पुन्हा लॅटिनमध्ये, आणि मग मुळाशी ताडून पाहायचा. तिथे भाषांतर मुलाने स्वतः करायचे असते हे खरे. पण परतीचा प्रवास बर्नार्डच्या पुस्तकावरूनही करता येतो. लॅटिन झाकावे, इंग्रजीवरून ते उभे करावे, झाकण काढून चुका पाहाव्यात. शिवाय टेरेन्सच्या बाबतीत मूळ आणि भाषांतर अशी सोवळ्या-ओवळ्याची वाटणी टिकणे अवघडच. परंपरेप्रमाणे तो कार्थेजचा, दास म्हणून रोमला आलेला. त्याच्या सहाही नाटकांचे आधार ग्रीक, त्यांतली चार मेनांडरवरून घेतलेली.

दुसरा आक्षेप नीतीचा, आणि तो अधिक गंभीर. ‘युनुकस’मध्ये खोजाचा वेष घेऊन घरात शिरलेला तरुण मुलीवर बलात्कार करतो, शाळेत असले शिकवतात म्हणून संत ऑगस्टिननेही खंत केली होती. 1647 साली फ्रान्समधल्या पोर-रोयाल मठाच्या फ्रेंच आवृत्तीने तीनच नाटके निवडली, तीही सोवळी करून. बर्नार्ड प्युरिटन वळणाचा धर्मोपदेशक. तरी त्याने सहाही दिली. सुविचारांची यादी हा त्याचा नैतिक बचाव असावा, पण मला तीच पुस्तकाची दुबळी बाजू वाटते. प्रवेशातून उपटलेले वाक्य कुणी, कुणाला, कोणत्या मतलबाने म्हटले हे हरवते, आणि लबाड नोकराचे बोलणेही ऋषिवचन होऊन बसते. सुदैवाने अख्खा प्रवेश त्याच पुस्तकात, दोन भाषांत, छापलेला आहे. दोन पाने मागे उलटली की बोलणारा सापडतो.