अमेरिकेतली वसंतातली टर्की-शिकार : घरच्यांसोबत जाण्याआधी

वसंत हा रानटी टर्कीचा विणीचा काळ. नर भल्या पहाटे झाडावरूनच 'गॉबल' करून माद्यांना साद घालतो. शिकारी मादीचा आवाज काढून त्यालाच जवळ बोलावतो. त्यासाठी लाकडी बॉक्स कॉल, स्लेट कॉल किंवा तोंडात धरायचा डायफ्राम कॉल वापरतात.

बऱ्याच राज्यांत मुख्य हंगामाआधी मुलांसाठी खास दिवस असतात. सोबत मोठं माणूस हवंच. आजोबा-नातवंडांची जोडी इथे हमखास दिसते.

मुलांना आधी हे शिकवा :
🔸 खोडाला पाठ टेकून बसा, हलू नका. टर्कीची नजर फार तीक्ष्ण.
🔸 लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं.
🔸 आवाजाच्या रोखाने दबकत जाऊ नका. तिथे दुसरा शिकारी असू शकतो.
🔸 छातीवर नराची 'दाढी' (केसांसारखा लोंबता झुबका) दिसल्याशिवाय नेम धरू नका.

बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखला. पक्षी पकडून दुसऱ्या रानांत सोडले गेले आणि टर्की परतली.

अमेरिकेतल्या मराठी मित्रांनो, परवाना आणि आपल्या राज्याचे नियम आधी तपासा, मगच निघा!