टॉपर भलताच!

सकाळी प्रॅक्टिकल आणि रात्री अकराला रूममेटचा चेहरा पडलेला. सी भाषेत ६० मुलांची मेरिट लिस्ट काढायची होती. प्रोग्राम मस्त रन होत होता, एरर एकही नाही. पण लिस्टमध्ये पहिला आला चक्क नापास झालेला मुलगा! मी पडले मास कॉमची, कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी हा घोळ लगेच दिसला.

तिने नावांचा एक अ‍ॅरे केला होता आणि मार्कांचा दुसरा. सॉर्ट केल्यावर मार्कांनी जागा बदलल्या, नावं मात्र होती तिथेच. मग काय, कुणाचे मार्क कुणाच्या नावावर! कॉम्प्युटरची यात चूक नव्हती. हे मार्क या मुलाचे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे 'स्ट्रक्चर'. इंट, फ्लोट, कॅरेक्टर हे भाषेने दिलेले डेटा टाइप. स्ट्रक्चर हा आपण बनवायचा टाइप. रोल नंबर, नाव, मार्क हे रकाने एकाच फॉर्मवर घ्यायचे, फॉर्मला 'स्टुडंट' नाव द्यायचं आणि अशा ६० फॉर्मचा एकच अ‍ॅरे करायचा. आता सॉर्ट करताना अख्खा फॉर्म हलतो. नाव आणि मार्कांची ताटातूट होत नाही.

ही सोय जुनीच आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सीमध्ये स्ट्रक्चर आलं आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिता आला.

व्हायव्हाला जाताना एवढं लक्षात ठेवा:

• मोजणी शून्यापासून. ६० मुलं म्हणजे ० ते ५९. थेट ६० नंबरला हात घातलात, तर सी सहसा अडवत नाही, गुपचूप शेजारच्या मेमरीत घुसते.

• रोल नंबरचे ४, नावाचे ४० आणि मार्कांचे ४ बाइट धरले, तर एक फॉर्म ४८ बाइटचा. अख्खा वर्ग २८८० बाइटमध्ये!

• जावामध्ये ऑब्जेक्टचा अ‍ॅरे केला की आधी फक्त रिकाम्या खुर्च्या मिळतात. प्रत्येक खुर्चीवर 'न्यू' वापरून विद्यार्थी बसवावा लागतो. नाहीतर नल पॉइंटरचा एरर ठरलेला.

एक वाजता लिस्ट बरोबर आली. आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, हसू नका. एक्सेलमध्ये एकच कॉलम सॉर्ट केलात, तर तुमच्याही यादीत भलताच टॉपर येईल!