पायांपुरता आजार

ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन मराठी वाचकाला ठाऊक असतो. १८३५-३६ च्या हिवाळ्यात जबलपूरहून मेरठकडे जाताना त्याने जे टिपून ठेवलं, ते १८४४ साली लंडनला पुस्तकरूपाने निघालं. त्यातल्या एका पानाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. मुलूख सागरचा, एके काळी गोविंदपंत बुंदेल्यांचा आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. एका गावाबाहेर साहेबाचा तंबू पडला आणि गावातली तरुण मुलं मोठ्या संख्येने तंबूभोवती गोळा झाली. देखणी, चांगल्या घरची. कमरेपासून वर धडधाकट, कमरेखाली अधू. काही इलाज सांगा, अशी विनवणी करत होती.

त्यांची हकिगत स्लीमनने नीट लिहून घेतली. १८२९ मध्ये उभ्या गव्हावर गारा पडल्या. १८३० मध्ये पाऊस आला नाही. १८३१ मध्ये रोगाने पीक खाल्लं. तिन्ही वर्षं गहू बुडाला. शेतात आपोआप उगवलेलं तिवडा हे कडधान्य मात्र तरारून आलं. लोक त्यावर जगले. १८३३ मध्ये तिशीच्या आतल्या माणसांचे पाय जाऊ लागले. कित्येकांना रात्री झोपेतच झटका आला. दोन वर्षांत गावातले जवळजवळ निम्मे तरुण सापडले, त्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त. १८३४ नंतर नवा रुग्ण नाही. पण एकदा गेलेले पाय कुणाचेही परत आले नाहीत. तिवडा फार खाल्ला की घोड्याबैलांचेही पाय जातात, हे त्या मुलखात सगळ्यांनाच माहीत होतं.

आजच्या न्यूरॉलॉजिस्टला हे पान दिलं तर तो फार थोडी दुरुस्ती करील. तरुण पुरुषांचं जास्त प्रमाण, अचानक सुरुवात, कमरेवरचं शरीर शाबूत, खाणं थांबलं की वाढ थांबणं, आणि बरं न होणं. लॅथिरिझमची, म्हणजे तिवड्याने होणाऱ्या या आजाराची, सगळी लक्षणं तिथे आहेत, आणि ती सांगणारे लोक त्या गावचे आहेत. पुढच्या दीडशे वर्षांत विज्ञानाने या पानात रेणूची भर घातली. मूळ कारण गावाने आधीच सांगितलं होतं. हा मान त्या गावाला कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिवडा म्हणजे खेसारी, म्हणजेच आपल्या पूर्व विदर्भातली लाखोळी किंवा लाख. झाडीपट्टीत धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत तिचं बी फेकतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. उरलेल्या ओलीवर ती निळ्या फुलांनी भरून जाते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात. दाणा राखट, ठिपकेदार, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूने उतरता. पण भरडून डाळ केली की तुरीत मिसळली तरी पटकन ओळखू येत नाही. दुष्काळात टिकते, पाणी साचलं तरी टिकते. आणि खरी भयंकर गोष्ट इथे आहे : पाण्याचा ताण पडला की तिच्या दाण्यातलं विषही वाढतं. ज्या वर्षी दुसरं काही पिकत नाही, त्याच वर्षी ती अधिक विषारी होते. सागरची ती तीन वर्षं आठवा.

हे विष पायच का धरतं? मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, आतल्या भिंतीवर, पायांच्या हालचालीचा भाग आहे. कीव्हच्या व्लादिमीर बेट्झने १८७४ मध्ये ज्या अजस्र पेशींचं वर्णन केलं, त्या याच पट्ट्यात सर्वांत मोठ्या असतात. तिथून निघालेला तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतो आणि मज्जारज्जूत कमरेपर्यंत उतरतो. एकाच पेशीची ही शेपटी अर्ध्या मीटरहून लांब असते. हाताकडे जाणारे तंतू मानेतच संपतात. एवढा लांब तंतू पोसणाऱ्या पेशीला ऊर्जा जास्त लागते आणि म्हणून तीच आधी कोलमडते, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं, पण वाद मिटलेला नाही.

या वरच्या पेशी मेल्या तरी मज्जारज्जूतल्या खालच्या पेशी जिवंत राहतात. म्हणून पाय पोलिओसारखा वाळत नाही. होतं उलटंच. वरून येणारा लगाम सुटतो आणि स्नायू ताठरतात. पोटऱ्या आखडून टाचा उचलल्या जातात, मांड्या आत ओढल्या जाऊन गुडघे एकमेकांना घासतात, माणूस चवड्यांवर कात्रीसारखे पाय टाकत चालतो. डॉक्टरने पाऊल हाताने वर दाबून धरलं तर ते थरथर उडत राहतं, धरलं आहे तोवर थांबत नाही. तोच माणूस ओट्यावर बसून बोलत असला तर त्याला काही झालं आहे हे कळतही नाही. कलकत्त्याच्या ॲक्टनने १९२२ मध्ये रुग्णांच्या पायऱ्या लावल्या : काठीविना चालणारे, एका काठीचे, दोन काठ्यांचे, आणि शेवटी हातांवर फरफटत सरकणारे. त्या पायऱ्या आजही वापरात आहेत.

जुना इतिहास भराभर सांगतो, कारण तो सगळीकडे सापडतो. हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथसंग्रहात सतत कडधान्यावर राहून पाय गेलेल्या लोकांची नोंद आहे. व्हुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली. माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळावर गोयाने कोरलेल्या चित्रात या पिठासाठी जमलेले भुकेले लोक आहेत, आणि पुढ्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. अलाहाबादचा सिव्हिल सर्जन आयर्विंग १८५९ पासून यमुनेकाठच्या लंगड्या गावांविषयी लिहीत राहिला. नेपल्सच्या कान्तानीने १८७३ मध्ये आजाराला नाव दिलं.

इतकं सगळं छापून झाल्यावर १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन या तिघांनी जाहीर केलं की दोष लाखोळीचा नाहीच. लाखोळीत अकटा नावाच्या रानटी वेलीचं बी मिसळलेलं असतं, विष त्यात आहे. निवडलेली स्वच्छ लाखोळी निरुपद्रवी. बदकांना आणि माकडांना खाऊ घालून त्यांनी हा निष्कर्ष काढला. प्रयोग मेहनतीचे होते, पण त्यांनी चौकशी चुकीच्या वाटेला लावली. पुढे अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी बागेतल्या गोड वाटाण्याचं बी उंदरांना घातलं. उंदरांची हाडं वाकली, पाठीचे कणे मोडले, नसांना काहीच झालं नाही. लाखोळीच्या या चुलतभावात वेगळंच विष असतं. दोन वेगळे आजार बराच काळ एकाच नावाखाली राहिले. सागरच्या शेतकऱ्याने बैलाकडे पाहून ओळखलेली गोष्ट उंदराकडे पाहणाऱ्यांना दिसली नाही.

गाठ सुटली ती बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. राव, अडिगा आणि सर्मा यांनी एका दिवसाची कोंबडीची पिल्लं घेतली. लाखोळीचा अर्क टोचला की पिल्लाची मान मागे वळते, आचके येतात. प्रौढ प्राणी हे विष बऱ्यापैकी पचवतात. पिल्लू पचवू शकत नाही. मान वळते का, एवढं पाहत पाहत त्यांनी अर्काचे भाग पाडले आणि १९६४ मध्ये एक अमिनो आम्ल शुद्ध रूपात वेगळं केलं. त्याच वर्षी दिल्लीतूनही तेच आम्ल पुढे आलं. त्याचं लांबलचक रासायनिक नाव बाजूला ठेवून आपण ओडॅप म्हणू. दिसायला ते ग्लुटामेटच्या जवळचं. ग्लुटामेट म्हणजे मेंदूत एका पेशीने दुसरीला उठवण्याचं नेहमीचं रसायन. पेशीच्या दारावर ओडॅप ग्लुटामेटच्या जागी बसतं, दार उघडं राहतं, क्षार आत येत राहतात आणि पेशी अतिउत्तेजनाने मरते. १९८६ मध्ये स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवून दिलं की लाखोळीनेही पाय ताठरतात आणि नुसत्या ओडॅपनेही. त्या निबंधावर एक नाव द्विवेदींचं आहे. रीवा जिल्ह्यातल्या रुग्णांची पद्धतशीर पाहणी १९६४ मध्ये प्रसाद यांच्यासह प्रसिद्ध करणारे तेच डॉक्टर.

पण माझा खरा नायक डॉ. आर्थर केसलर. चेर्नोविट्झचा ज्यू डॉक्टर. १९४२ च्या सप्टेंबरात रुमानियाच्या राजवटीने सुमारे बाराशे ज्यूंना व्यापलेल्या युक्रेनमधल्या व्हापनियार्का छावणीत डांबलं, त्यांत हाही. तुम्ही दोन पायांवर आलात, जिवंत सुटलात तर चार पायांवर जाल, असं छावणीच्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी सुनावल्याचं वाचलेल्यांनी पुढे सांगितलं. रोजचा शिधा : जनावरांसाठी ठेवलेली लाखोळी पाण्यात शिजवून सुमारे चारशे ग्रॅम, आणि पेंढा मिसळलेली बार्लीची थोडी भाकरी. दुसरं काही नाही.

डिसेंबरात पहिले रुग्ण आले. पोटऱ्यांत गोळे, लघवीवर ताबा नाही, मग पाय ताठ. जानेवारी संपेपर्यंत शेकडो जण आजारी होते आणि शंभराहून अधिक पूर्ण लुळे. केसलरकडे प्रयोगशाळा नव्हती, औषध नव्हतं. त्याने रुग्णांचे पाय पाहिले, ताटातला दाणा पाहिला आणि दोन्हींचा संबंध लावला. बंदिवान डॉक्टरांनी अधिकाऱ्यांकडे दाद मागितली, कैद्यांनी ते अन्न नाकारलं. उपाशी माणसांनी समोरचं जेवण परत करायचं, ही गोष्ट एका निदानावर विश्वास ठेवून घडली. अखेर शिधा बदलला आणि नवे रुग्ण थांबले. निदानाने इतक्या लोकांचे पाय एका झटक्यात वाचवल्याचं दुसरं उदाहरण मज्जासंस्थेच्या वैद्यकात मला माहीत नाही.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्याने हे सगळं जर्मन भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पुढे तो इस्रायलला गेला आणि तिथे आलेल्या व्हापनियार्कातल्या लोकांकडे डॉक्टर म्हणून पाहत राहिला. या निबंधाचं शास्त्रीय मोल वेगळंच आहे. एरवी दुष्काळी गावात कुणी किती आणि काय खाल्लं याचा हिशेब लागत नाही. इथे तारीख ठाऊक, वजन ठाऊक, माणसं ठाऊक, आणि पुढची कित्येक दशकं तीच माणसं डोळ्यांसमोर. त्यांच्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर मेंदू आणि मज्जारज्जूची तपासणी झाली, ती स्ट्राइफ्लर आणि कोन यांनी सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. या आजाराची शवविच्छेदनं फार थोडी आहेत. गरिबाचा मज्जारज्जू तपासायला कोण थांबतं?

व्हापनियार्का वाचून रीवाकडे वळलं की साम्य अंगावर येतं. रीवा-सतना भागात वेठबिगार मजुराला मजुरी धान्यात मिळे, आणि ते धान्य बहुधा खेसारी किंवा खेसारीची भेसळ. मालकाच्या घरीही खेसारी शिजे. पण त्याच्या ताटात पोळी होती, भाजी होती, दूध होतं. आहाराचा मोठा हिस्सा लाखोळीचा आणि तोही महिनोन्महिने, तेव्हाच आजार होतो. ताटात धान्य भरपूर असेल तर धोका उतरतो. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर विषाचा बराचसा भाग जातो, हे हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९६६ मध्ये सांगितलं. पण पाणी ओतून देण्यासाठी आधी इंधन आणि पाणी लागतं.

आणि सरकारने काय केलं? १९६१ मध्ये अन्नभेसळीच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या पीक भरपूर असलेल्या राज्यांत ती दीर्घकाळ लागूच झाली नाही. महाराष्ट्रात लागू झाली. माझा आक्षेप बंदीच्या दिशेला आहे. ज्यांचे पाय गेले ते लाखोळी विकत घेत नव्हते. त्यांना ती मजुरीत मिळत होती, किंवा त्यांच्या स्वतःच्या शेतात उगवत होती. विक्रीची बंदी त्यांच्या ताटापर्यंत पोचतच नव्हती. पोचली ती झाडीपट्टीतल्या लहान शेतकऱ्याच्या पदरापर्यंत, त्याला भाव मिळेना. वेठबिगारी संपवणाऱ्या १९७६ च्या कायद्याने आणि स्वस्त गव्हा-तांदळाने या आजाराला जितकं मागे रेटलं, तितकं त्या बंदीने रेटलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ही बंदी उठवावी म्हणून वर्षानुवर्षं लढले. त्यांच्याशी मी अर्ध्या वाटेपर्यंत जातो. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लोक भाताबरोबर लाखोळी खात आले आणि गावंच्या गावं लुळी पडली नाहीत, हे खरंच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही लाखोळीचं ताटातलं प्रमाण घटलेलं दिसलं आणि आजार फारसा आढळला नाही. मात्र यावरून डाळ सर्वस्वी निर्दोष ठरवायची म्हटली तर मी थांबतो. व्हापनियार्काचे रुग्ण खोटे नाहीत, स्पेन्सरची माकडंही नाहीत. भात आहे तोवर लाखोळी सोबतीची डाळ आहे. भात गेला की तीच डाळ विष आहे.

२०११ च्या नव्या अन्नसुरक्षा नियमांतही जुनी बंदी राहिली. पाच वर्षांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बाजूने कमी ओडॅपच्या वाणांना मोकळीक देण्याची शिफारस पुढे आली : दिल्लीचा रतन, रायपूरचे प्रतीक आणि महातिवडा. या वाणांत ओडॅप जुन्या गावरान बियाण्याच्या कितीतरी खाली आहे. अडचण फुलातच आहे. लाखोळीवर मधमाश्या येतात, शेजारच्या बांधीतल्या गावरान फुलाचे पराग आणतात आणि काही हंगामांत सुधारित बियाण्यात पुन्हा विष चढू लागतं. म्हणून बियाणं दर काही वर्षांनी बदलावं लागतं, आणि एकट्या शेतकऱ्याने बदलून भागत नाही, सगळ्या शिवाराला एकदम बदलावं लागतं.