पाटणादेवीचे अडीच जलधी

जलधी म्हणजे समुद्र, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त जलधी ही संख्या आहे: एकावर चौदा शून्यं. एक, दश, शत, सहस्र अशी दहा-दहा पटींनी चढणारी तिथली अठरा स्थानं परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी थांबतात. एवढ्या संख्येनं मोजावं असं काही माझ्या डोळ्यांसमोर कधी येत नसे. ते दिसलं श्रावणात, पाटणादेवीच्या रानातल्या केदारकुंडापाशी.

चाळीसगावहून पाटणादेवीचं देऊळ अठराएक किलोमीटर. पुढे पायीच जायचं. गुडघाभर गवत, शेवाळलेले दगड, मध्ये आडवा येणारा ओढा, आणि आधी कानाला मग डोळ्याला भेटणारा धबधबा. काठावरच्या खडकावर कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडून बसलो होतो. समोरच्या कातळाच्या कडेला एक थेंब फुगायचा, क्षणभर लोंबायचा, तुटायचा. लगेच त्याच जागी दुसरा. मी मोजू लागलो आणि शंभरच्या आतच चुकलो. घरी आल्यावर मात्र कागद घेऊन बसलो.

औषधाच्या ड्रॉपरनं मोजलं तर १ मिलीलीटरला साधारण २० थेंब, म्हणजे लिटरला २० हजार. केदारकुंड ज्या रानात आहे ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ते सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलंय. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. दिवसभरात ५० मिलिमीटर पडला, तर या रानावर १,३०० कोटी लिटर. वजन १ कोटी ३० लाख टन. थेंब २६,००,००,००,००,००,०००.

अडीच जलधींहून थोडे अधिकच, आणि तेही एका दिवसात! पावसाळ्याचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर छत्तीस जलधी होतात, आणि परार्ध भरायला सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळे पुरतात. यातलं कितीतरी पाणी माती आणि झाडं पिऊन घेतात. आपल्या कुंडात उतरतो तो अगदी छोटा वाटा. तरी त्याच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही.

ही मोजदाद याच जागेला शोभते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे, देवळाजवळच्या पाटणे गावात, मठ काढला. शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७चा शिलालेख ते सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत, आणि त्यात मठासाठी घाण्यामागे पळीभर तेल लावून दिलंय. परार्धापर्यंतचं गणित चालावं म्हणून पळीपळीनं तेल! मला हा शिलालेख फार जवळचा वाटतो. त्यावर आठशेहून अधिक पावसाळे गेले. आपल्या हिशेबानं एकोणतीस परार्ध थेंब.

खडकाला मात्र हेही थोडकंच. हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाण्यानं तो वर्षाला केसाच्या जाडीइतका, ०.१ मिलिमीटर, कापला असं धरलं तरी १ कोटी वर्षांत दरी १ किलोमीटर खोल होईल.

कधी पाणी हे असं सावकाश काम सोडून देतं. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस डोंगरी आणि तितूर या नद्या एका रात्रीत फुगल्या, चाळीसगावात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. म्हणून कुंडातलं पाणी गढूळ झालं, की फोटोसाठीसुद्धा थांबू नका. भाकरी तिथेच राहू द्या, वर या.

आणि जमलं तर डोंगराच्या वरच्या धारेवर एकदा उभे राहा. तिथे उत्तरेला पडलेला थेंब डोंगरी-तितूरमधून गिरणेला, गिरणेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळतो. पावलाभर दक्षिणेला पडला तर शिवना नदीतून गोदावरीत, आणि सबंध दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात.