विहीर लांब, मोटरला व्होल्टेज कमी; दुसरी केबल जोडल्याने किती फरक पडतो? समजून घ्या हिशेब

डीपीपाशी मीटर ४१५ व्होल्ट दाखवतो, विहिरीवर मोटर चालू असताना मात्र ३८३. मधले व्होल्ट केबल खाते. अशा वेळी ‘जुनीच्या जोडीला अजून एक केबल टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण त्याआधी कागदावर दोन ओळींचा हिशेब करा.

५ एचपीची थ्री फेज मोटर साधारण ७.५ अँपिअर करंट घेते. ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या लवचिक केबलचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम, म्हणजे ५०० मीटरला सुमारे २.४८. थ्री फेजसाठी १.७३ ने गुणायचे: १.७३ × ७.५ × २.४८ = ३२ व्होल्ट. पॉवर फॅक्टर धरला तर घट थोडी कमी, केबल तापली तर थोडी जास्त. ढोबळ अंदाजाला एवढे पुरे. ही घट जवळपास ८ टक्के झाली. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो १५ टक्क्यांनी घटतो. पाणी तेवढेच ओढायचे असल्याने करंट वाढतो आणि वाइंडिंग तापते.

तशीच दुसरी केबल समांतर जोडली की रोध निम्मा आणि घट १६ व्होल्ट.

घरात पडलेली २.५ ची केबल जोडली तर?

घट सुमारे २० व्होल्टवर येते. पण करंट समान वाटला जात नाही: जाड केबलमधून ४.६, बारीकमधून २.९ अँपिअर. खरी भीती पुढेच आहे. जाड केबलचा जॉइंट सुटला तरी मोटर चालूच राहते आणि सगळा करंट बारीक केबलवर येतो. घट थेट ५२ व्होल्ट! म्हणूनच समांतर केबल एकाच धातूच्या, जाडीच्या आणि लांबीच्या असाव्यात आणि प्रत्येकीत तिन्ही फेज असावेत. नवीनच घ्यायची असेल तर सरळ एकच १० स्क्वेअर एमएम घ्या. घट १२-१३ व्होल्ट आणि जॉइंटही निम्मे.

डीपीवरच ३६० व्होल्ट येत असतील तर यातले काहीच उपयोगी नाही, तक्रार वीज कंपनीकडेच करावी लागेल.

केबल आधीच समांतर जोडलेल्या असतील तर वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून घ्या. अख्ख्या केबलला लावला तर तिन्ही फेज मिळून आकडा शून्याच्या आसपास दिसेल. एकेक वायर वेगळी धरून मोजायला सांगा. सारख्या केबलमध्ये एकीत ७ आणि दुसरीत अर्धा अँपिअर दिसला, तर जॉइंट उघडून पाहा. अर्थात, मेन स्विच बंद करून.